मारियाला वाचता येत नव्हते

सांगली,
रविवार, दुपार

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

स्पॅनिशच्या वर्गासाठी मेक्सिकोतील एका लेखिकेवर निबंध लिहायचा आहे, कोणाला निवडू, असे तू विचारलेस तेव्हा मी फोनवरच रोसारिओ कास्तेयानोस हे नाव सांगून मोकळी झाले. त्यानंतर तू पाठवलेले टिपण वाचले. "राजदूत होत्या, स्त्रियांविषयी आणि आदिवासींविषयी लिहिले, दिव्याच्या विजेचा धक्का बसून गेल्या." यात चुकीचे काही नाही, परंतु ज्या एका गोष्टीसाठी मी इतकी वर्षे त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळत आले, ती या टिपणात कोठेच नाही. म्हणून सवडीने लिहावयास बसले आहे.

त्यांचा जन्म २५ मे १९२५ रोजी मेक्सिको शहरात झाला, पण बालपण गेले ते दक्षिणेकडील चिआपास राज्यात, ग्वातेमालाच्या सीमेजवळच्या कोमितान या गावी. घराणे जमीनदारांचे. शेतावर राबणारे लोक माया वंशाचे, स्वतःच्या भाषा बोलणारे, आणि मालक स्पॅनिश बोलणारे 'लादिनो'. या दोहोंमधले अंतर इतके रुळलेले होते की मालकाच्या मुलांशी खेळण्यासाठी, त्यांना कडेवर घेऊन फिरण्यासाठी त्याच वयाची एखादी आदिवासी मुलगी घरात आणून ठेवणे कोणालाच खटकत नसे. रोसारिओसाठी अशी जी मुलगी आणली गेली तिचे नाव मारिया. हे नाव लक्षात ठेव.

रोसारिओला एक धाकटा भाऊ होता आणि तो लहानपणीच वारला. वंशाचा दिवा गेला आणि मागे मुलगी उरली, हे त्या घराचे दुःख तिने जवळून पाहिले, म्हणजे खरे तर अंगावर घेतले. पुढे १९५७ साली आलेल्या 'बालून कानान' या कादंबरीत हेच घर आहे. तिचा बराचसा भाग सात वर्षांची एक मुलगी सांगते, आणि तिच्या भावाला मारिओ हे नाव असले तरी त्या मुलीला लेखिकेने नावच दिलेले नाही. मुलांवर संकट येणार असे कळताच त्यांची आई आकांताने म्हणते, माझा मुलगा तरी नको. शेवटी भाऊ गेल्यावर ती अनामिक मुलगी पेन्सिल शोधते आणि आपल्या वेड्यावाकड्या अक्षरांत बागेतल्या विटांवर, भिंतींवर, वहीच्या पानांवर भावाचे नाव लिहीत सुटते. मी ते पान इंग्रजी अनुवादात प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

याच कादंबरीत आणखी एक प्रसंग आहे, तो तुझ्या निबंधात अवश्य यावा. लासारो कार्देनास १९३४ ते १९४० या काळात राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्या राजवटीत मोठ्या जमिनी फोडून कसणाऱ्यांना देण्यास वेग आला आणि मजुरांच्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी जमीनमालकांवर पडली. कादंबरीतला मालक कायदा पाळतो, पण कसा, तर आपल्या अनौरस पुतण्याला मास्तर म्हणून उभा करतो. त्या मास्तराला मुलांची भाषा येत नाही आणि तो त्यांच्यापुढे पंचांगासारखे एक पुस्तक वाचत बसतो. नियम कागदावर पुरा करणारी अशी शाळा ओळखण्यासाठी मेक्सिकोपर्यंत जावे लागत नाही, हे एकतीस वर्षे फळ्यापुढे काढलेली मी तुला वेगळे सांगावयास नको.

जमीनसुधारणेत कास्तेयानोस कुटुंबाचीही बरीच जमीन गेली आणि ते सर्व मेक्सिको शहरात राहावयास आले. १९४८ साली आईवडील दोघेही थोड्याच दिवसांच्या अंतराने वारले. तेविसाव्या वर्षी ही मुलगी एकटी झाली. १९५० साली त्यांनी राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीसाठी जो प्रबंध दिला त्याचा विषय होता स्त्रियांची संस्कृती: तशी काही असते का, आणि नसेल तर का नसते. मेक्सिकोच्या स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा अधिकार मिळाला तो त्यानंतर, १९५३ मध्ये.

त्यानंतर त्यांनी केलेले जे काम मला सर्वांत प्रिय आहे, ते ग्रंथसूचीत क्वचितच सापडते. १९५६ आणि १९५७ मध्ये त्या चिआपासमधील सान क्रिस्तोबाल दे लास कासास येथे, आदिवासींसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या केंद्रात काम करू लागल्या आणि तेथील बाहुलीनाट्याचा कारभार त्यांच्याकडे आला. नायक पेतुल नावाचा हातबाहुला, म्हणजे आपल्याच गावातला वाटावा असा शहाणा माणूस, आणि त्याच्या जोडीला शुन नावाचा हट्टी गडी. रोसारिओ संहिता स्पॅनिशमध्ये लिहीत आणि बाहुल्या नाचवणारे आदिवासी तरुण त्या त्सोत्सिल किंवा त्सेल्ताल भाषेत बोलत. डोंगरवाटांनी खेचरांवरून सामान न्यावयाचे, एखाद्या गावच्या मोकळ्या जागेत पडदा उभारावयाचा आणि लस का टोचून घ्यावी, मुलांना शाळेत का पाठवावे, हे पेतुलच्या तोंडून सांगावयाचे. सरकारी माणसाशी न बोलणारे गावकरी पेतुलशी मात्र खऱ्या माणसाशी बोलावे तसे बोलत. एरवी जमीनदाराची मुलगी म्हणून जिच्यापुढे मान खाली घालावी लागली असती, ती बाई आता पडद्यामागे होती.

या अनुभवांतून 'सिउदाद रेआल' हा कथासंग्रह १९६० मध्ये आला आणि १९६२ मध्ये 'ओफिसिओ दे तिनिएब्लास' ही कादंबरी. एकोणिसाव्या शतकात चामुला भागात झालेला त्सोत्सिल लोकांचा उठाव त्यांनी तीत उचलून कार्देनास यांच्या काळात आणून ठेवला. मला ही कादंबरी 'बालून कानान'पेक्षा जड वाटते, तरी मोठी हीच असे मानणारे पुष्कळ आहेत.

मधल्या वर्षांविषयी थोडक्यात सांगते. १९५८ मध्ये रिकार्दो गेर्रा या तत्त्वज्ञाशी विवाह, १९६१ मध्ये मुलगा गाब्रिएल, विद्यापीठाच्या माहिती विभागाची जबाबदारी, अमेरिकेत विस्कॉन्सिन, इंडियाना आणि कोलोरॅडो येथे अध्यापन, 'एक्सेल्सिओर' या दैनिकातील सदर, आणि १९७१ मध्ये घटस्फोट. १९७३ च्या निबंधसंग्रहाला त्यांनी एका स्पॅनिश म्हणीचा अर्धाच भाग शीर्षक म्हणून दिला: लॅटिन जाणणारी बाई. म्हणीचा उरलेला भाग असा की तिला ना नवरा मिळतो, ना तिचा शेवट चांगला होतो. तुझ्या पणजीच्या लहानपणी शिकलेली बाई विधवा होते असे आपल्याकडे म्हणत. तेव्हा ही म्हण तुला समजावून सांगण्याची गरज नाही.

मेक्सिकोचे कवी ओक्तावियो पाझ तुला ठाऊक आहेत, कारण ते दिल्लीत त्यांच्या देशाचे राजदूत होते आणि २ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको शहरातील त्लातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाल्यावर त्यांनी ते पद सोडले. त्याच घटनेवर रोसारिओ यांची कविता आहे. दुसऱ्या दिवशी चौक झाडून स्वच्छ केलेला होता आणि वृत्तपत्रांत हवामानाची बातमी ठळक होती, असे ती सांगते. गोळीबाराचे वर्णन करण्यापेक्षा झाडू दाखवणे किती भयंकर असू शकते, ते तेथे पाहा.

आता मारिया. लहानपणी खेळण्यासाठी आणलेली ही मुलगी पुढेही रोसारिओ यांच्याबरोबरच राहिली, त्यांच्या विवाहापर्यंत. नंतर ती छायाचित्रकार गेरत्रूद दुबी यांच्याकडे काम करू लागली, आणि इतकी वर्षे अशा बाईंच्या घरी राहून हिला लिहितावाचता येत नाही, याचे दुबी यांना नवल वाटले. आयुष्याच्या अखेरीस घरातली दुसरी एक कामकरीण, एर्लिंदा, काम सोडून निघाली, त्या निमित्ताने लिहिलेल्या सदरात रोसारिओ यांनी हे सर्व स्वतःच जाहीर केले. मी विद्येचा देव केत्सालकोआत्ल असल्याच्या थाटात रानोमाळ हिंडत होते आणि माझ्या शेजारी एक माणूस अज्ञानात खितपत होते, अशा आशयाचे ते वाक्य आहे. कोणी विचारले नव्हते. त्यांनी हे लिहिले नसते तर पेतुलची कीर्ती जशी होती तशीच राहिली असती.

१९७१ पासून त्या इस्रायलमध्ये राजदूत होत्या. ७ ऑगस्ट १९७४ रोजी तेथेच त्या अपघाताने गेल्या, वय एकोणपन्नास. तुझ्या टिपणातला दिवा तो हाच. निबंधाची सुरुवात त्याने करू नकोस, एवढे माझे ऐक.

तू तिसरीत असल्यापासून आपल्याकडे येणाऱ्या मावशींनी गेल्या महिन्यात पदराच्या गाठीतून गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढून सकाळची कोणती असे विचारले. मी पेनने एकीवर सूर्य काढून दिला आणि दुसरीवर चंद्र, आणि माझी मलाच युक्ती फार आवडली. संध्याकाळी तुझ्यासाठी म्हणून ते सदर पुन्हा वाचावयास घेतले. दुसऱ्या दिवशी मावशींना म्हटले, पाटी काढू का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आता कशाला बाई, वीस वर्षांमागं विचारायचं होतंत." मी गहू निवडत बसले.

निबंध झाला की मला एक प्रत पाठव. स्पॅनिश कळत नसले तरी मारियाचे नाव मला ओळखू येईल.

तुझी,
आई