सोमवारपासून मावशी येतील

डोंबिवली,
बुधवार, रात्री

ती. आई आणि बाबा,
सा. न.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे बरे आहेत. फोनवर बोलायला गेलं की आई, तू "बरं, ठेवते आता, दूध वर येतंय" म्हणतेस. म्हणून लिहूनच पाठवतेय.

पोळी-भाजीला एक मावशी ठरवल्या आहेत. येत्या सोमवारपासून रोज सकाळी दहाला येतील, दोन्ही वेळचं करून जातील. तुम्हाला विचारलं नाही. पहिल्या महिन्याचे पैसेही देऊन आलेय. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, त्यांना दारातून परत पाठवू नका.

आई, तुझ्या हाताला नावं ठेवतेय असं मनातसुद्धा आणू नकोस. 1982 च्या संपात जिच्या खानावळीत लोक उधारीवर जेवले, तिला मी स्वयंपाक काय शिकवणार? पण रविवारी मी फ्रीज उघडला. आदल्या रविवारी आणलेली मेथीची जुडी तशीच होती, दोरासुद्धा सुटला नव्हता, पानं पिवळी पडलेली. ओट्यावर चहाचे दोन कप आणि नाक्यावरच्या बेकरीतली खारीची पिशवी, तळाशी नुसता चुरा. रोज रात्री मी "जेवलात का?" विचारते आणि तू "हो गं, झालं की" म्हणतेस. ते जेवण हे होतं. तुला अर्धा तास ओट्यापाशी उभं राहवत नाही, हे तू मला सांगितलं नाहीस. मीही कधी नीट विचारलं नाही. रविवारी यायचं, तू केलेलं आयतं खायचं आणि पाच वाजता निघायचं. ते मला फार लागलंय.

तुझं हिमोग्लोबिन 8.9 आलंय. बायकांना निदान 12 तरी हवं. तुला जिना चढताना धाप लागते ती "वयामुळे" नाही. बाबांनी माळ घातली तेव्हा कुणी सांगितलं नसताना तूही मासळी सोडलीस, तिथपासून तुझ्या ताटात लोह कमीच. त्यात रक्तवाढीची गोळी तू चहाबरोबर घेतेस, मी स्वतः पाहिलं. चहातली टॅनिन लोह अडवून धरतात, निम्मीशिम्मी गोळी फुकटच जाते. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घे. क जीवनसत्त्व असलं की लोह जास्त अंगी लागतं. आणि गंमत बघ, हे तू आधीपासूनच करत होतीस. मटकीला मोड आणल्याशिवाय उसळ टाकायची नाहीस आणि पानात लिंबाची फोड नसली तर वाढायचीच नाहीस. मी पाटावर बसून त्या फोडी मोजायचे, आठवतं? एक कमी पडली तर माझ्या पानातली जायची. तेच सगळं आता तुझ्या स्वतःच्या पानात यायला हवंय. डॉक्टरांनी आणखी तपासण्या लिहिल्यात. रक्त कुठे जात नाही ना, हे बघायला. त्या करायच्याच. शनिवारी रजा काढून मी येतेय.

बाबा, आता तुम्ही. एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराच्या रांगेतून तो फोन आला तेव्हा मी घाटकोपरला गाडीत उभी होते. ते ऐकून माझे हातपाय गळाले. पहाटे चारपासून रांगेत, पोटात फक्त चहा, आणि नेमाप्रमाणे डायबेटिसच्या गोळ्या मात्र घेतलेल्या. त्यातली ती छोटी, ग्लिमेपिराइड, पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन सोडायला लावतेच. शुगर 54 वर आली होती. 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, भोवळ सुरू होते. कुण्या माउलीनं राजगिऱ्याचा लाडू तोंडात घातला म्हणून निभावलं. आणि संध्याकाळी घरी येऊन काय खाल्लंत? वाडगाभर साबुदाण्याची खिचडी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. सकाळी खड्ड्यात, संध्याकाळी डोंगरावर.

उपास सोडा असं मी म्हणणार नाही. तुमच्या एकादशीवर मी लहानाची मोठी झाले, रात्री तुमच्या मांडीवर हरिपाठ ऐकत झोपलेय. पण डॉक्टरांना विचारून त्या दिवशीच्या गोळ्या ठरवून घेऊ, तोवर उपास नाही. पुढे धरलात तर राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची भाजी, दही, आणि सकाळी काहीतरी खाऊनच बाहेर पडायचं. ग्लुकोज पावडरची पुडी शर्टाच्या खिशात ठेवायची. भोवळ आली तर तीन चमचे पाण्यातून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची.

अजून एक. तपासणीच्या आधीचा आठवडा तुम्ही भात सोडता, मला माहीत आहे. त्या एचबीए1सी तपासणीत रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, आठवडाभराच्या संयमानं ती बदलत नाही. भात बंद करू नका, फक्त आधी भाजी-उसळ संपवा, मग भात घ्या, तोही मोजका. जेवल्यावर लगेच आडवं न होता गॅलरीत दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मारा. चहात साखरेऐवजी गूळ घालून फसू नका, रक्तात गेल्यावर दोन्ही सारखेच. पायाला मुंग्या येतात म्हणालात, त्यासाठी बी12 जीवनसत्त्व तपासायला सांगितलंय. मेटफॉर्मिन, तुमची डायबेटिसची दुसरी गोळी, वर्षानुवर्षं घेतल्यानं ते कमी होऊ शकतं आणि मासळी-अंडी नसलेल्या घरात ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. गोळी घेऊन भरून निघेल, माळेला धक्का नाही.

मावशींना मी सांगितलंय की मसाला आईच्या डब्यातलाच, आणि मीठ आईला विचारून, पण तिच्या अंदाजापेक्षा चिमूटभर कमी. आई, बाबांच्या बीपीसाठी तेवढं सोसून घे. लोणच्याची बरणी मी घेऊन आलेय. ओट्याजवळ उंच खुर्ची आणून ठेवतेय. तू बसून सांगायचं, त्या करतील. मटकी भिजवणं आणि फोडणी तुझ्याकडेच राहू दे, त्याला हात लावायचा नाही असं मी त्यांना बजावलंय. तुझी आमटी दुसऱ्या कुणाला जमणार नाहीच, ती रविवारी मला हवीच आहे.

खारी आणू नका. अगदीच वाटलं तर रविवारी मी आले की चौघांत एक पाकीट.

आणि आई, सोमवारी मावशी यायच्या आधी भांडी घासून ओटा पुसून ठेवू नकोस. तू ठेवशील, म्हणून सांगतेय.

तुमची,
बेबी