पदवीधरांची क्षमता मोजणारी प्रश्नावली आधी तपासून घ्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दोन आठवड्यांपूर्वी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून मला छत्तीस विधानांची प्रश्नावली आली. गेली बावीस वर्षे मी सांगली-मिरज परिसरात इमारतींच्या बांधकामावर देखरेख करतो आणि त्या महाविद्यालयातून स्थापत्य शाखेची पदवी घेतलेली तीन मुले माझ्या हाताखाली आहेत. त्यांना प्रत्येक विधानापुढे मी एक ते पाच गुण द्यायचे होते. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये कायम सदस्य झाल्यापासून, काय शिकवले यापेक्षा विद्यार्थ्याला काय करता येते यावर अभियांत्रिकीच्या मूल्यांकनात भर आहे, त्यामुळे आम्हाला विचारणे योग्यच आहे. मात्र या गुणांवरून अभ्यासक्रमातील तासांची फेरमांडणी होणार असल्याचे सोबतच्या पत्रात वाचले आणि काळजी वाटली.

त्यातील एक विधान असे होते : ‘पदवीधराला साहित्याची गुणवत्ता तपासता येते व तो सहकाऱ्यांशी सहकार्याने वागतो.’ माझ्याकडील एक मुलगा काँक्रीटच्या स्लम्प (ओलेपणाची) आणि क्यूब (ताकदीची) टेस्ट चोख घेतो, पण मुकादमाशी त्याचे रोज खटके उडतात. त्याला तीन गुण दिले, तर त्या आकड्यातून ना त्याचे कौशल्य कळते, ना उणीव. शिवाय कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पाया घेताना काय पाहावे, याबद्दल एकही विधान नाही. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण सोसले, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप शेजारच्या सातारा जिल्ह्यातला. तरीही भूकंपात उघडू नयेत म्हणून कॉलमच्या लोखंडी रिंगांचे हूक १३५ अंशांत वळवले आहेत का, हे पाहण्याची सवय पदवीधराला आहे की नाही, हे कोणी विचारलेले नाही.

क्रोनबाख अल्फा ०.७ च्या वर आला, म्हणून प्रश्नावली प्रमाणित आहे, असे पत्रात म्हटले आहे. हा गुणांक उत्तरांमधील परस्परसंगती सांगतो, वैधता नव्हे; म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाते का, हे सांगत नाही. टोकाशी इंचभर तुटलेली फीत दर वेळी तेच माप देते आणि दर वेळी चुकीचेच देते. स्लॅबच्या गडबडीत एखाद्या साहेबाने सरसकट चार आणि दुसऱ्याने सरसकट तीन गुण दिले, तरी अल्फा वाढतोच.

वैधता तपासण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. लॉशे यांच्या १९७५ च्या पद्धतीत जाणकारांना प्रत्येक विधान अत्यावश्यक आहे का, असे विचारतात. दहा जाणकारांसाठी किमान गुणोत्तर (निम्म्याहून जास्त आलेले होकार भागिले निम्मे जाणकार) ०.६२ आहे; आठ होकारांना ते ०.६ च येते, म्हणजे दहापैकी निदान नऊ जणांचा होकार हवा. या दहांत प्राध्यापकांबरोबर ठेकेदार, संरचना अभियंता आणि साईटवर आयुष्य घालवलेला पर्यवेक्षकही असावा. त्यानंतर काही पदवीधरांना प्रत्यक्ष नकाशा देऊन बार बेंडिंग शेड्यूल (सळ्यांची लांबी, आकार व संख्या यांचा तक्ता) करायला लावावे, काँक्रीट ओतण्यापूर्वी स्लॅबचे लोखंड आणि कव्हर (सळ्यांवर राहणारा काँक्रीटचा थर) तपासायला लावावे आणि या कामाचा प्रश्नावलीतील गुणांशी मेळ बसतो का, ते पाहावे. खर्च फारसा नाही. वेळ मात्र द्यावा लागेल.

तोपर्यंत या गुणांवर विसंबून कोणत्याही विषयाचे तास कमी करू नयेत, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे. माझी प्रत समासात शेरे लिहून मी परत पाठवली असून, पुढच्या स्लॅबच्या आदल्या दिवशी साईटवर येऊ इच्छिणाऱ्या प्राध्यापकांसाठी पूर्ण सकाळ राखून ठेवण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, विश्रामबाग, सांगली