अण्णा, तुमचा टॉवेल अजून माझ्याकडेच आहे

अण्णा, नमस्कार.

तुम्ही फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत नाही आणि समोर येऊन आभार मानायला गेलं की "ठीकाय ठीकाय, पाणी घ्या" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं लिहितेय. नातवाकडनं वाचून घ्या. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला ते चालणार नाही हे मला माहितीय.

तुमच्यामुळं मिळालेली जुनी फियाट रविवारी घरी आली. आयशर टेम्पोत चढवून आणली, पोरांनी धरून हळूहळू उतरवली, आणि तेव्हापासून रोज रात्री झोपायच्या आधी मी एकदा खाली जाते, टॉर्च मारते, तिच्या बॉनेटवरनं हात फिरवते आणि वर येते. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं भंगार आणलंस होय. मी काहीच बोलले नाही. त्यांना काय सांगू, तुम्ही दाखवलंत तसं दाखवणारं कुणी भेटलं तर त्यांनाही दिसेल.

तुम्ही मला कधी विचारलं नाहीत की हीच गाडी का पाहिजे. आज सांगते. माझे बाबा इथल्याच एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते आणि डॉक्टरांची डुक्कर फियाट होती, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला डॉक्टरांच्या मुलांना न्यायचं असलं की बाबा मलाही पुढं बसवायचे. स्टिअरिंगला लागून असलेला तो हाताचा गिअर बाबा दोन बोटांनी टाकायचे ते मी बघत राहायची. आणि दरवर्षी एकच गोष्ट सांगायचे, की ही गाडी बनवणाऱ्या कंपनीचे मालक वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात जन्मले, १८८२ साली, त्यांनी १९४४ ला प्रीमियर काढली आणि कुर्ल्याला कारखाना टाकला, म्हणजे फियाट नाव परदेशी असलं तरी गाडी आपल्या गावची. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. बाकी तुम्हाला समजलंच असेल.

मी शाळेत शिकवते, गाड्यांमधलं मला काही कळत नव्हतं, आणि ज्यांना कळतं असं ते स्वतः म्हणत होते त्यांनी दीड वर्ष मला नुसतं फिरवलं. हे लिहिणं भाग आहे कारण त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते लोकांना समजणार नाही. एकाने "विंटेज एक्स्पर्ट" म्हणून माझ्याकडनं पाच हजार घेतले आणि गाडीपाशी न जाता, मालकाने पाठवलेले फोटो बघून सांगितलं की बॉडी एकदम ओके, इंजिन चालू, साडेचार लाखाला सोडू नका. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने तर मी तिथं उभी असताना सगळं माझ्या नवऱ्याला समजावून सांगितलं आणि मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही सावलीत बसा की." नवऱ्याने दोनदा सांगितलं की गाडी ती घेणारे, तिचे पैसे आहेत. तरी नाहीच. अजून एक जण टक्केवारीवर काम करणारा, सौदा झाला की दोन्हीकडनं पैसे. आता विचार केला की वाटतं, ज्याला गाडी विकली गेली तरच पैसे मिळणार तो माणूस "घेऊ नका" असं कधी म्हणणार? त्याच्या तोंडून तो शब्द येणारच नाही.

त्या साडेचार लाखवाल्या गाडीला मी दहा हजार टोकन देऊन बसले होते. मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं आणि तुम्ही आलात, पिशवीत फक्त एक लोहचुंबक, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि खांद्यावर टॉवेल. गाडी काय चकाचक होती! लाल रंग, नवी सीट, एका किल्लीत चालू. तुम्ही चुंबकाला आधी फडकं गुंडाळलंत. मी विचारलं का, तर म्हणालात, "दुसऱ्याची गाडी हाय, ओरखडा नको." जी गाडी तुम्ही दहा मिनिटात नाकारणार होतात तिच्या रंगाचीसुद्धा काळजी. मग दरवाज्याखालच्या पत्र्यावर चुंबक ठेवला आणि तो सरळ खाली पडला. परत ठेवला, परत पडला. आत नुसती पुट्टी भरलेली, हाताएवढ्या जागेत लोखंड नावाला नाही. इंजिनचा नंबर आरसी बुकाशी लावून बघितला तर तोही वेगळा, याच कंपनीच्या नंतरच्या पद्मिनी गाडीचं इंजिन आणून बसवलेलं. मालक तुम्हाला बाजूला घेऊन काहीतरी पुटपुटला, तुम्ही फक्त हात जोडलेत आणि मला म्हणालात, "ताई, दहा हजार गेले म्हणून रडू नका, साडेचार लाख वाचले." टोकन परत मिळालं नाहीच.

त्या दिवशी रिक्षात बसून तुम्ही जे बोललात ते मी वहीत लिहून ठेवलंय. "चालू गाडी बघू नका, पुरी गाडी बघा. इंजिन आम्ही बनवतो. पण मागच्या लाईटची काच, हॉर्नची रिंग, पुढची ती पट्टी, ह्या गोष्टी कुठनं आणणार?" एवढ्या सोप्या भाषेत मला दीड वर्षात कुणी सांगितलं नव्हतं की बंद पडलेली पण सगळे भाग असलेली गाडी ही चालू असलेल्या पण अर्ध्या गाडीपेक्षा मोलाची असते. आणि जिला कुणी हात लावलेला नाही, कंपनीचाच फिका पडलेला रंग जिच्यावर आहे, ती नव्या रंगाच्या गाडीपेक्षा जास्त खरी, कारण रंगाखाली काय झाकलंय ही भीतीच नाही, जे आहे ते डोळ्यासमोर.

आणि मग ती बार्शीकडची गाडी. १९५९ ची, मुंबई राज्य असतानाच्या बी-ने सुरू होणाऱ्या नंबरची. वाड्याच्या मागच्या शेडमध्ये ज्वारीच्या पोत्यांच्या आड, टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, धूळ एवढी की मूळ रंग राखाडी आहे का निळा तेच कळेना. मला रडू आलं होतं खरं तर, वाटलं एवढं लांब येऊन हेच. तुम्ही मात्र आधी गाडीकडे बघितलंच नाही. वाड्यातल्या आजींना विचारलंत, "ही कायम हितंच होती? मुंबईला कधी होती का?" आजी म्हणाल्या, मालकांनी नवी घेतली तेव्हापासून ह्याच वाड्यात. तुमचा चेहरा खुलला. आपल्याकडची कोरडी हवा, कमी पाऊस, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा जसा सडतो तसा इथं सडत नाही, हे तुम्ही नंतर सांगितलंत.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय.

ह्या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सगळी ताकद बॉडीच्या पत्र्यातच, त्यामुळे खालचा पत्रा गेला की गाडीच गेली, हे तुम्ही समजावून सांगितलंत. म्हणजे खाली शिरून बघायला पाहिजे होतं. मला वाटलं तुम्ही शिराल आणि येऊन सांगाल. तुम्ही खांद्यावरचा टॉवेल काढलात, तो आपला सोलापुरी पांढरा टॉवेल, स्वच्छ धुतलेला, झटकलात आणि शेडच्या मातीत गाडीच्या कडेला नीट अंथरलात, चारही कोपरे हाताने सरळ केलेत, आणि म्हणालात, "ताई, हितं झोपा आणि वर बघा. गाडी तुम्ही घेणार ना, मग तुम्ही बघायचं." आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिलात, मूठ माझ्याकडे करून.

मे महिना, पत्र्याची शेड, बाहेर ऊन रणरणतंय. मी टॉवेलवर झोपून आत सरकले. तुम्ही दुसऱ्या बाजूला मातीतच झोपलात, टॉवेल एकच होता ना. मोबाईलच्या टॉर्चमध्ये मला पहिल्यांदा गाडीचं पोट दिसलं. तुम्ही बोटाने दाखवलंत, पत्र्याच्या जोडावर ओळीने बारीक गोल ठिपके, एकसारख्या अंतरावर, जणू कुणी मोजून टाके घातलेत. "हे कंपनीचं वेल्डिंग. आमच्यासारख्याने जोडलेलं असं नसतंय, ते गाठीगाठीचं असतं." मग म्हणालात वाजवा. मी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले, टण्ण, टण्ण, टण्ण, आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या कोपऱ्यात एकदम थप्प. तुम्ही काहीच बोलला नाहीत, मीच म्हणाले, "अण्णा, इथं सडलाय." तुम्ही म्हणालात, "शाबास. टोक लावा." टोक लावलं तर आत गेलं, रुपयाएवढं भोक पडलं, गंजाचा भुगा माझ्या तोंडावर पडला. तेवढी एकच जागा. बाकी सगळा पत्रा जिवंत.

अण्णा, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. माझ्या पैशाने घ्यायच्या वस्तूपाशी मला कुणी असं हाताला धरून नेलं नव्हतं. सगळे एकतर माझ्या वतीने बघत होते नाहीतर मला बघू देत नव्हते. तुम्ही एक टॉवेल अंथरलात. कपडे खराब होऊ नयेत एवढाच विचार तुम्ही केला असेल, पण मला तिथं झोपल्या झोपल्या रडू येत होतं आणि मी ते गंज डोळ्यात गेला म्हणून खपवलं.

नंतर किमतीचं बोलणं. आजींनी ऐंशी हजार सांगितले. भंगारवाला पस्तीसला मागून गेला होता, त्यामुळे त्यांना ऐंशीच खूप वाटत होते. मी हो म्हणणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आजी, ऐंशीला देऊ नका. सव्वा लाखाच्या खाली द्यायची गाडी नाही ही." माझ्याबरोबर आलेला माणूस, माझ्याकडनं दिवसाची मजुरी घेणारा माणूस! क्षणभर धस्स झालं, खोटं कशाला सांगू. पण तुम्ही माझ्याकडे वळून हिशोब सांगितलात, इंजिन मोकळं करायला एवढे, तो कोपरा नवा करायला एवढे, टायर, वायरिंग, ब्रेक, आणि सगळं झाल्यावर गाडी कितीची होईल, म्हणजे सव्वा लाख देऊनही तुमचं नुकसान नाही आणि आजींचंही नाही. त्या साठ वर्षं जपलेल्या वस्तूला पस्तीस हजार ऐकून त्या बाईला काय वाटलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आजी काही न बोलता आत गेल्या. आम्हाला वाटलं राग आला. दहा मिनिटांनी गडी माळ्यावरनं एक पत्र्याची पेटी घेऊन आला. चारही चाकांच्या वाट्या, जॅक, पाने, सुरू करायचं हँडल, मागच्या लाईटची जादा काच कागदात गुंडाळलेली, जुनं आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या. आजी म्हणाल्या, "हे मी कुणाला दाखवलंच नव्हतं. मालकांनी सांगितलेलं, चांगला माणूस आला तरच दे." तुम्ही ती काच उन्हाकडे धरून बघत राहिलात, आणि मला पहिल्यांदा तुमच्या डोळ्यात पाणी दिसलं. इंजिन नंबर जुळला, चेसिस नंबर जुळला. पुरी गाडी.

मजुरी तुम्ही एका दिवसाची घेतलीत, नकार दिलात त्या दिवशी जेवढी तेवढीच. मी जास्त देत होते तर रागावलात. सोलापुरात अशी माणसं अजून खूप आहेत अण्णा, पॉवरलूमवर, गॅरेजमध्ये, भाजीच्या गाड्यावर, फक्त त्यांचे बोर्ड नसतात आणि ती स्वतःला एक्स्पर्ट म्हणवून घेत नाहीत, त्यामुळे आपण आधी बोर्डवाल्यांकडे जातो.

आरटीओचं भाचा बघतोय, आजींच्या नावावर करून मग माझ्या. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून नोंदणी मिळते, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला नसला तर, आणि आधीची नोंदणी असली तर जुना नंबरही राहतो असं तो म्हणतोय. रोजच्या वापराला चालणार नाही, पण मला कुठं रोज शाळेत न्यायचीय.

तुम्ही सांगितलंत तसं प्लगच्या भोकातनं डिझेल सोडून ठेवलं होतं चार दिवस. काल संध्याकाळी हँडल लावलं. जोर करायचा नाही, हलतंय का तेवढंच बघायचं, हे तुमचे शब्द. पहिल्यांदा नाही हललं. दुसऱ्यांदा बोटभर सरकलं. बाबा खुर्ची टाकून बसले होते, उठले, उलटा दरवाजा उघडून आत बसले, उंदरांनी कुरतडलेल्या सीटवरच, आणि त्यांचा डावा हात आपोआप स्टिअरिंगशेजारच्या गिअरवर गेला. तिसऱ्यांदा हँडल पूर्ण फिरलं.

रंगाला हात लावणार नाही, शब्द दिलाय. ओल्या फडक्याने पुसली तर खालनं निळा निघालाय.

टॉवेल दोनदा धुतला, गंजाचे डाग जात नाहीत. तुमच्यासाठी नवा आणून ठेवलाय, घरी या रविवारी, बाबांना तुम्हाला भेटायचंय, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी करून ठेवते. तो जुना मात्र मी देणार नाही.

तुमची,
फियाटवाल्या बाई