घुंगरू बांधायला जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीत राहते आणि गेली १७ वर्षं कथक शिकवते. ठाणे, मुलुंड, दादर असे आठवड्यातले पाच दिवस क्लास असतात, म्हणजे दुपारची लोकल, खांद्यावर पिशवी आणि पिशवीत दोनशे घुंगरू, दोन्ही पायांचे मिळून तीन किलोच्या वर भरतात. दमायला होतं पण तक्रार त्याची नाहीये, हे काम मी स्वतः निवडलंय. पत्र लिहितेय ते जागेसाठी.

गेल्या महिन्यात माझा चौथा हॉल गेला. एका सोसायटीचा पहिल्या मजल्यावरचा हॉल होता, दीड वर्षं तिथे २२ मुली शिकत होत्या, भाडं दर महिन्याला ५ तारखेच्या आत पोचत होतं. कमिटीची मीटिंग झाली आणि मला व्हॉट्सअॅपवर मेसेज आला की घुंगरांच्या आवाजाचा त्रास होतो, पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे बघा. क्लास संध्याकाळी ५ ते ७, माइक नाही, स्पीकर नाही, नगमा, म्हणजे ताल धरायला सतत वाजत राहणारी पेटीची धून, तो पण मोबाइलवर लावते कारण रोज पेटीवाले बोलावणं परवडत नाही. पण खालच्या घरात आजी आहेत, त्यांना त्रास होत असेल तर तो खराच आहे, मी नाकारत नाही. डोक्यावर बावीस जणी पाय मारणार म्हटल्यावर मांडणीतली भांडी वाजणारच. राहत्या बिल्डिंगमध्ये क्लास भरवणं हा मुळातच नाइलाज आहे.

ज्यांनी कथक जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, हा तत्कार म्हणजे आमची मुळाक्षरं. तीनतालाच्या १६ मात्रा, म्हणजे ठोके; चौगुनीत, म्हणजे एका मात्रेत चार पावलं धरून, तालाच्या एका आवर्तनाला ६४ पावलं पडतात. मिनिटाला ६० मात्रांची लय धरली, जी काही फार जलद नाही, तरी मिनिटाला २४० वेळा पाऊल जमिनीवर आपटतं, आणि दहा वर्षांची मुलगी हे करत असताना तिच्या पायाखाली काय असतं तर टाइल्स आणि त्याखाली काँक्रीट. लाकडी फ्लोअर खालून थोडं पोकळ असेल तर दबतं, धक्का जिरवतं. टाइल्स काहीच घेत नाहीत, सगळा मार टाचेत, नडगीत, गुडघ्यात. माझा उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, मी चाळिशीची आहे. सतरंजी टाकून पाहिली, पण चक्कर घेताना पाय अडकतो, रबरी मॅटवर नाद मरतो आणि पाय फिरतच नाही.

आणि जागा सारखी बदलली की शिक्षण तुटतं हो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा, वर्षाला एक धरली तरी सात वर्षं. माझे मागच्या सात वर्षांत चार हॉल गेले, प्रत्येक वेळी पाच-सहा मुली गळतात कारण नवीन जागा स्टेशनच्या पलीकडे असते आणि आईला ऑफिसमधून येऊन सोडायला जमत नाही. या परीक्षांचे दहावीला वाढीव मार्क मिळाले की सोडणाऱ्या असतात, ते मी समजू शकते. पण मध्यमा पूर्ण, म्हणजे सातातली पाचवी परीक्षा झालेली, लयीला पक्की, डोळ्यात तेज असलेली मुलगी फक्त जागेपायी सुटते तेव्हा मला रात्री झोप लागत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. मे महिन्यात फी नाही, हॉलचं भाडं मात्र चालू. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग आणि लग्नांचे संगीत बसवून वर्षाचं गणित जमवायचं. कार्यक्रमाला बोलावतात, मानधन विचारलं की म्हणतात प्लॅटफॉर्म मिळतोय ना. तबलजींना मी तरी माझ्या खिशातून देतेच, त्यांनाही घर आहे.

याच मुंबईत सितारादेवी राहिल्या, गोपीकृष्ण नाचले, दोघंही कथकमधली मोठी नावं. पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती ही कथक शिकवणारी संस्था सुरू केली आणि कितीतरी मराठी घरांतल्या मुलींच्या पायात घुंगरू आले. माझ्या आजीला नाचायला घरून परवानगी नव्हती, मला मिळाली, माझ्या विद्यार्थिनींचे तर बाबा स्वतः आणून सोडतात. एवढं सगळं बदललं, नाचायला जागा मात्र नाही.

माझी मागणी साधी आहे. मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, सगळीकडे पालिकेच्या शाळा आहेत, शाळा सुटली की वर्ग कुलूपबंद. रात्री तिथे खाली-वर कोणी राहत नाही. संध्याकाळी ६ ते ९ हे वर्ग नृत्य, तबला, गाणं शिकवणाऱ्यांना वाजवी भाड्याने, लेखी कराराने, किमान तीन वर्षांसाठी द्या. पालिकेच्या जागेत व्यायामशाळा चालतात आणि चालायलाच हव्यात, तशीच प्रत्येक वॉर्डात एका तरी शाळेत एक खोली लाकडी फ्लोअरची करा. भाडं आम्ही देऊ, झाडून पुसून परत देऊ, आणि त्या शाळेतली दोन-चार मुलं फीशिवाय शिकवायची अट घातलीत तर मी आनंदाने सही करीन.

सध्या त्या बावीस जणींपैकी सोळा येतात. एका पालकांनी गच्ची दिलीय, कोबा उन्हाने तापलेला असतो म्हणून साडेसहाला सुरू करतो, आधी दोन बादल्या पाणी मारतो आणि सुकलं की घुंगरू बांधतो. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे चालेल.

- एक कथक शिक्षिका, डोंबिवली