ताक आंबलं तर टाकू नकोस

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा आई म्हणाली की पावसामुळे पाववाला चार-चार दिवस आपल्या वाडीवर फिरकत नाही आणि बाबा सकाळच्या चहाबरोबर नुसती बिस्किटं खातायत, तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. फोनवर सांगायला लागलं की मध्येच रेंज जाते, आणि आईला कृती कागदावर लागते, म्हणून सगळं नीट लिहूनच पाठवतेय. प्रिंट काढून घ्या कुणाकडून तरी आणि फ्रीजवर लावा. बाबा, एवढ्या चिखलात पावासाठी लांज्यापर्यंत जायचं नाही हां. पाव घरी होतो, तव्यावर होतो, आणि त्याला लागणारं सगळं सामान आत्ता या मिनिटाला घरात आहे.

इथे आयर्लंडमध्ये, आमच्या कॉर्क शहरात, एक ब्रेड घरोघरी करतात, सोडा ब्रेड. यीस्ट नाही, फुगायला ठेवणं नाही, मळणं तर अजिबातच नाही. पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक, बस्स. ओव्हन तापेपर्यंत पीठ कालवून होतं आणि तासाभरात ब्रेड टेबलावर. आमच्याकडे आता हाच असतो, दुकानातला फारसा आणला जात नाही.

आणि आई, यातली ताकाची गोष्ट तुला आवडेल. इथे शहरातच टेकडीवर शँडन म्हणून भाग आहे, तिथे १७७० मध्ये लोण्याचा बाजार सुरू झाला. एकोणिसाव्या शतकात तो जगातला सगळ्यात मोठा लोण्याचा बाजार होता, १९२४ ला बंद पडला आणि आता तिथे लोण्याचं म्युझियम आहे. खेड्यापाड्यातून लाकडी पिंपात खारवलेलं लोणी भरून गाड्या इथे यायच्या आणि इथून ते जहाजाने पार वेस्ट इंडीजपर्यंत जायचं. पण ज्या बायका ते घुसळायच्या त्यांच्या घरात लोणी फारसं राहायचंच नाही, ते विकून जमिनीचा खंड भरायचा असायचा. बाबा, कुळं आणि खंड हे तुम्हाला मी काय सांगणार. घरात उरायचं ते ताक. मग १८३० च्या दशकात खायचा सोडा मिळायला लागला आणि त्या उरलेल्या ताकाचा ब्रेड व्हायला लागला. गहूही इथला मऊ, थंड आणि ओल्या हवेतला, त्यात ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, कमी म्हणून यीस्टने तो धड फुगत नाही, पण सोड्याने मस्त फुगतो. म्हणजे जे हाताशी होतं त्यातून केलेली ही गोष्ट आहे, म्हणून मला तिच्याबद्दल इतका आदर वाटतो.

बहुतेक घरात ओव्हन नव्हताच. दलदलीतून कापून वाळवलेली काळी ढेकळं जाळायचे, त्यावर जाड लोखंडी भांडं टांगायचं, आत पिठाचा गोळा, वर झाकण, आणि झाकणावर परत निखारे. हे मला कळलं तेव्हा पहिली आठवण आली ती आजीच्या तवशाच्या धोंडसाची! खाली निखारे, वर निखारे, आणि अख्ख्या पडवीत गुळाचा वास. कुठे आयर्लंड आणि कुठे आपलं कोकण, दोन्हीकडच्या बायकांना ओव्हनशिवाय भाजायचं कसं हे अगदी सारखंच सुचलंय.

मला हा ब्रेड शिकवला खालच्या मजल्यावरच्या आजींनी. त्या मोठ्या परातीसारख्या भांड्यात पीठ, मीठ आणि सोडा एकत्र चाळतात, मधे खळगा करून जवळजवळ सगळं ताक एकदम ओततात, आणि मग हाताची बोटं ताठ आणि फाकवलेली ठेवून मधून कडेकडे गोल फिरवत नेतात. चार-पाच वेढ्यात पीठ एकत्र येतं की हात बाहेर. दुसरा हात शेवटपर्यंत कोरडा, त्याने भांडं फिरवायचं. दाबायचं नाही, मळायचं नाही, कारण मळलं की ग्लूटेन ताणलं जातं आणि ब्रेड दगड होतो. मग गोळा फक्त हलक्या हाताने गोल करून वर सुरीने खोल अधिकचं चिन्ह कापायचं, म्हणजे उष्णता मधोमध पोचते. (त्या म्हणतात, त्या चिरेतून पऱ्या बाहेर जातात, आणि मीही आता कापताना हळूच म्हणते, जा गं बायांनो.) ब्रेड झाला का हे बघायला त्या तो उलटा करून बुडावर बोटाच्या पेराने टकटक करतात आणि कान देऊन ऐकतात. पोकळ आवाज आला तर झाला. घड्याळ त्या बघतच नाहीत.

ओव्हनवाल्यांसाठी माप म्हणजे ४५० ग्रॅम पीठ, चमचाभर सोडा, चमचाभर मीठ, ३५० ते ४०० मिली ताक, २३० डिग्रीवर पंधरा मिनिटं आणि मग २०० वर अर्धा तास. हे मावशीला दे, तिच्याकडे ओव्हन आहे आणि तो नुसताच पडून असतो.

तुमच्यासाठी मात्र उत्तर आयर्लंडची पद्धत. तिकडे हेच पीठ जाड चकती करून, तिचे चार तुकडे करून तव्यावर भाजतात, त्या तुकड्याला फार्ल म्हणतात. आई, आपला घावण्यांचा बिडाचा तवा यासाठीच केल्यासारखा आहे. एक वाटी मैदा, एक वाटी कणीक. नुसत्या कणकेचा करू नकोस, आपली कणीक चिवट असते आणि ब्रेड जड होतो. चक्कीवरून थोडी जाडसर दळून मिळाली तर फारच छान, इथली ब्राऊन ब्रेडची कणीकही भरडच असते. त्यात अर्धा चमचा सोडा, सपाट, शीग लावून नाही. सोडा जास्त झाला तर पिवळट दिसतो आणि साबणासारखी चव येते. मीठ पाव चमचा. मग अंदाजे वाटीभर ताक, पण पाणी न घातलेलं, जाड आणि चांगलं आंबट. तुझं दोन दिवसांचं आंबलेलं ताक, जे तू कढी नाही झाली तर झाडाला घालतेस ना, तेच पाहिजे. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी पीठ वर येतं, आंबटपणाच नसेल तर सोडा बिचारा काय करणार. आणि हे भेटल्या क्षणी सुरू होतं म्हणून कालवल्यावर थांबायचं नाही. ढोकळ्यात सोडा घातल्यावर तू कुणाला मधे बोलू देत नाहीस, तीच घाई इथे.

तवा आधीच मंद आचेवर तापवून ठेव, तेल अजिबात नको. चिमूटभर पीठ टाकलं आणि ते सावकाश बदामी झालं तर तवा बरोबर, लगेच काळं पडलं तर आच कमी कर. पिठाची बोटभर जाड गोल चकती थाप, सुरीने चार तुकडे कर, आणि पीठ भुरभुरून तव्यावर ठेव. एका बाजूने सात-आठ मिनिटं, मग उलटून तेवढंच, आणि शेवटी तुकडे एकेक करून उभे धरून कडा पण भाजून घे कारण तिथेच कच्चं राहतं. आच मोठी करायचा मोह होईल, करू नकोस, वरून रंग येईल आणि आत पीठ राहील. उतरवलं की लगेच सुती पंच्यात गुंडाळून ठेव. वाफेने वरचं कवच मऊ पडतं, बाबांच्या कवळीला त्रास नाही. गरम असतानाच मधून उघडायचा आणि तुझं घरचं लोणी लावायचं. हा ब्रेड त्या दिवशीचाच खरा, दुसऱ्या दिवशी मधून चिरून तव्यावर कुरकुरीत करून घ्या, तिसऱ्या दिवसावर ठेवू नका.

बाबा, तुम्ही म्हणाल ह्याला पाव कसं म्हणायचं, गोव्यातल्या पोदेराचा पाव पूर्वी माडीने फुगायचा तो खरा पाव. मान्य आहे, त्याची जाळी आणि त्याचा आंबूस वास याला येणार नाही. हा जास्त भुसभुशीत, किंचित ताकाच्या चवीचा, आणि चहात बुडवला की पटकन विरघळतो म्हणून जरा बेताने बुडवा. पण सकाळी उठून अर्ध्या-पाऊण तासात गरम गरम तुमच्या पुढ्यात येईल, पाऊस असो नाहीतर नसो. मी तिथे असते तर रोज पहाटे उठून करून घातला असता. इथे ओव्हनमधून काढला की दर वेळी पहिला विचार तोच येतो की यातला एक तुकडा तिकडे पोचला पाहिजे होता. तुकडा पोचत नाही म्हणून निदान कृती तरी.

रविवारी तुमच्या दुपारी मी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा माझी सकाळ असते, दोघी एकदमच करू. बाबांनी फोन धरायचा आणि तवा नीट दिसेल असा धरायचा, छताकडे नाही. पीठ किती सैल पाहिजे हे लिहून कळत नाही, ते मला बघूनच सांगता येईल.

काळजी घ्या. अंगणात शेवाळ धरलं असेल, दोघांनीही काठी घेतल्याशिवाय उतरू नका.

तुमची,
मनू

ता. क. बाबांचं बीपी लक्षात घेऊन मी मीठ पाव चमचाच लिहिलंय, खायच्या सोड्यातही सोडियम असतं म्हणून रोज करायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारा, आणि त्या दिवशी लोणचं-पापड बंद. आणि आई, सोड्याचा डबा किती जुना आहे बघ. चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळ, फसफसून वर आला तर चालेल, नाहीतर नवीन पुडी आणायला सांग.