मोर्शी-वरूड रस्त्यावरच्या दादांना
मे महिन्यातली भर दुपार, गाडीत आई. मोर्शी सोडलं आणि थोड्या वेळानं काटा लालवर, बॉनेटमधून वाफ. मी घाईनं रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो, तोच संत्र्याच्या बागेतून एक दादा ओरडले, "झाकनाले हात नोका लावू भाऊ, तोंड पोयन!"

अर्धा तास थांबवलं. मग दिसलं, वरच्या होज पाइपची क्लिप ढिली, कूलंट सगळं रस्त्यावर. खिशातल्या पान्यानं त्यांनी क्लिप आवळली, रांजणातलं पाणी हळूहळू भरलं, गाडी चालू करून फॅन फिरेपर्यंत उभे राहिले. तोवर काकूंनी दुपट्टा भिजवून आईच्या डोक्यावर ठेवला होता. तो परत करायचाच राहिला.

पैसे घेतले नाहीत. "वरूडले कूलंट टाकून घ्या," एवढंच. दादा, टाकलं. काकू, दुपट्टा धुऊन ठेवलाय, आणून देतो.