लॅपटॉपचे सुटे भाग खुल्या बाजारात, छापील किमतीत मिळू द्या : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. कोरेगाव, वडूज, दहिवडी, मेढा अशा गावांतून माणसं मशीन घेऊन येतात. कॉलेजची मुलं, सेवा केंद्र चालवणारे, शिक्षक, पतसंस्थांचे क्लार्क. बहुतेकांचं मशीन पाच ते आठ वर्षांचं असतं, पण आतून धडधाकट असतं. मदरबोर्ड चांगला, स्क्रीन चांगली, प्रोसेसर त्यांच्या कामाला पुरून उरेल असा. फक्त बॅटरी बसलेली असते, कीबोर्डची चार बटणं चालत नसतात, नाहीतर बिजागरी उखडलेली असते. एवढ्यासाठी नवं मशीन घेण्याची पाळी कुणावर येऊ नये. ती रोज कुणावर तरी येते, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

बिजागरीचंच बघा. लॅपटॉपचं झाकण ज्या दोन धातूच्या बिजागऱ्यांवर उघडतं, त्या बॉडीला स्क्रूने आवळलेल्या असतात. ते स्क्रू ज्या पितळी नटांमध्ये बसतात, त्या नटांना आधार असतो फक्त प्लास्टिकच्या बारीक खुंट्यांचा. काही वर्षं झाकणाची उघडझाप झाली की बिजागरी घट्ट होत जाते आणि सगळा जोर त्या खुंट्यांवर येतो. मग एके दिवशी कट्कन आवाज होतो आणि नट खुंटीसकट उपटून बाहेर येतो. बिजागरी शाबूत, मशीन चालू, खराब झालेलं असतं ते साच्यातून काढलेलं एक प्लास्टिकचं पॅनेल. ते रीतसर मिळालं तर तासाभराचं काम आहे. मिळत नाही, म्हणून आम्ही नट जागेवर बसवतो, भोवती अ‍ॅराल्डाइट भरतो आणि रात्रभर वाळवून देतो. काही मशीन त्यावर वर्षभर निभावतात, काही महिन्याभरात परत येतात. गिऱ्हाइकाला वाटतं कारागिरानं काम कच्चं केलं.

कीबोर्डचा त्रास याहून मोठा. पूर्वी मागचे दोन-तीन स्क्रू काढले की कीबोर्ड वर उचलून यायचा. आता बऱ्याच मॉडेलमध्ये तो वरच्या पॅनेलला आतून प्लास्टिक वितळवून पक्का केलेला असतो, असे वितळवलेले ठिपके डझनांनी. मागच्या पावसाळ्यात एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर चहा सांडला. बोर्ड वाचला, कीबोर्ड गेला. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात सांगितलं की सुटा कीबोर्ड देत नाही, अख्खं पॅनेल बदलावं लागेल, नऊ हजार होतील. बाजारात ते मशीन विकायला काढलं असतं तर दहा-अकरा हजारांच्या वर गेलं नसतं. तिचे वडील माझ्या काउंटरपाशी मशीन मांडीवर घेऊन बसले होते आणि एकच विचारत होते, "यातले नऊ हजार कशाचे?" मला उत्तर देता आलं नाही, कारण त्या भागाची किंमत कुठे छापलेलीच नाही. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, भंगारात गेलेल्या एका मशीनमधून काढलेलं पॅनेल मागवलं. रंग किंचित वेगळा होता, पण मुलीची परीक्षा पार पडली.

बॅटरीबद्दल मात्र मला मनापासून काळजी वाटते, कारण तिथे प्रश्न पैशांच्या पलीकडे जातो. जुन्या मॉडेलची कंपनीची बॅटरी विचारली की "एंड ऑफ लाइफ", म्हणजे आता ती मिळणार नाही, असं उत्तर येतं. मग उरते कॉम्पॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेली पण त्या मॉडेलला बसणारी बॅटरी. त्यातल्या काही खरोखर चांगल्या असतात. पण काहींच्या लेबलावर छापलेली क्षमता आणि आतली क्षमता यांचा मेळ बसत नाही, आणि कित्येकदा सेल आधीच जुने असतात. लिथियमचा सेल वापरला नाही तरी नुसता पडून म्हातारा होतो. दोन-तीन वर्षं गोदामात राहिलेली बॅटरी नवी म्हणून बसवली की सहा महिन्यांत बॅकअप अर्ध्यावर येतो, कधी बॅटरी फुगते आणि टचपॅड खालून वर उचलला जातो. असं मशीन घरात, पलंगावर, लहान मुलांजवळ चालू असतं. कायद्यानं बॅटरी आणि अ‍ॅडॉप्टर या दोन्हींना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. तरीही नोंदणी क्रमांक नसलेला माल टेबलावर येतो, आणि क्रमांक असला तरी तो खरा की नुसता छापलेला हे तपासण्याची सवय ना गिऱ्हाइकाला आहे ना बहुतेक दुकानदारांना.

आता उलटं उदाहरण देतो. जुनं मशीन रडत चालत असेल तर आम्ही हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे डिस्कच्याच जागी बसणारी वेगवान साठवण, बसवतो. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, तीच एसएसडी त्यात बसते. साताऱ्यात चार दुकानांत मिळते, पाकिटावर एमआरपी असते, वॉरंटी ती बनवणारी कंपनी देते. माप आणि जोडणी सगळ्यांना एकच, त्यामुळे बनवणारे अनेक आणि भाव आटोक्यात. बॅटरी, बिजागरी, कीबोर्ड, पॅनेल यांचं तसं नाही. एकाच कंपनीच्या एकाच वर्षातल्या दोन मॉडेलची बॅटरी कित्येकदा एकमेकांना चालत नाही. काही मॉडेल तर दुसऱ्या कंपनीचा अ‍ॅडॉप्टर लावला की चालू होतात, पण बॅटरी चार्ज करायचं नाकारतात.

दुचाकीचा अनुभव सगळ्यांना आहे. ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल हे कंपनीचं सीलबंद पाकीट तालुक्याच्या गावात मिळतं, त्यावर किंमत छापलेली असते आणि कोणताही मिस्त्री ते बसवून देतो. मोटारींच्या बाबतीत हे सहज घडलं नव्हतं. सुटे भाग स्वतंत्र गॅरेजना खुलेपणाने मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करण्याचे आदेश दिले. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण सुट्या भागांवर उत्पादकाची मक्तेदारी हा ग्राहकावरचा अन्याय आहे, हे आपल्याच देशातल्या यंत्रणेनं तेव्हा स्पष्ट शब्दांत मांडलं होतं. लॅपटॉपला वेगळा न्याय का असावा?

आपल्या विभागानं या दिशेनं काम सुरू केलेलं आहे, आणि त्याबद्दल मला खरोखर आदर आहे. जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली गेली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, राइट टू रिपेअर पोर्टल, म्हणजे दुरुस्तीची आणि सेवा केंद्रांची माहिती देणारं संकेतस्थळ, सुरू झालं. मे २०२५ मध्ये मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल विभागाकडे आला. वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचे गुण कंपन्यांनी ठरलेल्या निकषांवर स्वतः जाहीर करायचे, अशी त्यातली कल्पना आहे.

निर्देशांक हवाच. पण महोदय, तो नवं मशीन घेणाऱ्याला उपयोगी पडेल. माझ्या टेबलावर येणारं मशीन केव्हाच विकलं गेलेलं आहे. ते घेणाऱ्याला मशीनला किती गुण हे कळून आता काय करायचं? त्याला पॅनेल हवंय, बॅटरी हवीय. आणि पोर्टलवर सेवा केंद्राचा पत्ता मिळाला, तरी ते केंद्र सुटा भाग विकतच नसेल तर कोरेगावच्या माणसाची अडचण होती तिथेच राहते. गुण जाहीर करण्याबरोबर भाग विकण्याचं कायदेशीर बंधन आलं पाहिजे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं हे केलं आहे. १ जुलै २०२४ पासून तिथे लागू झालेल्या कायद्यानुसार १०० डॉलर किंवा त्याहून महाग इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी, मॉडेलचं उत्पादन थांबल्यावरही सात वर्षं, सुटे भाग, अवजारं आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला आणि स्वतंत्र कारागिराला द्यावी लागते. तो जुलै २०२१ नंतर विक्रीला आलेल्या मालालाही लागू आहे, म्हणजे आधी विकलेल्या वस्तू कायद्याच्या कक्षेत आणणं शक्य आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून जो दुरुस्ती-निर्देशांक आहे त्यात लॅपटॉपही येतो, आणि त्यात सुट्या भागाच्या किमतीला स्वतंत्र गुण आहेत. सुटा भाग मिळतो पण मशीनच्या किमतीला जाऊन भिडतो, अशा वेळी कंपनीचे गुण कमी होतात. आपल्या निर्देशांकातही हे असावं. युरोपीय संघानं २८ एप्रिल २०२६ ही नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग बंधनकारक करण्याची तारीख ठरवली आहे. आपल्याकडेही तसं झालं तर निदान अ‍ॅडॉप्टरचा प्रश्न पुढच्या पिढीच्या मशीनपुरता मिटेल.

कंपन्या म्हणतील की भाग खुले विकले तर नकली माल वाढेल, अपघात होतील. दुकानात उभं राहून मी रोज याच्या उलट बघतो. खरी बॅटरी विकायला नसते म्हणूनच नकलीला गिऱ्हाईक मिळतं. साडेतीन हजारांची खरी आणि बाराशेची अनोळखी अशा दोन्ही समोर ठेवल्या, तर घरात लहान मूल असलेला माणूस बहुतेक वेळा थोडी ओढाताण करून खरी घेतो. आज त्याच्यासमोर एकच ठेवता येते.

यासाठी लागणारी बरीचशी यंत्रणा आपल्याच मंत्रालयात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. भारतीय मानक ब्युरो आपल्याकडे येतो, वैधमापनशास्त्र, म्हणजे वजनमापं आणि पाकिटावरचा मजकूर पाहणारं खातं, आपल्याकडे येतं, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही. बंद पाकिटातल्या किरकोळ मालावर एमआरपी छापण्याचा २०११ चा नियम आपल्याच विभागाचा. कंपनीचं पॅनेल किंवा कीबोर्ड बहुतेक वेळा किरकोळ विक्रीला येतच नाही, थेट सेवा केंद्रात जातो, म्हणून त्यावर एमआरपीही नाही. तो विक्रीला आणा, किंमत आपोआप छापावी लागेल. बॅटरीच्या बाबतीत पाकिटावरच्या तारखेवर थांबू नका. सेल कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनला ते बॅटरीच्या अंगावर कोरलेलं असावं. पाकीट फेकलं जातं आणि माझ्या हातात येते ती नुसती बॅटरी. नोंदणी क्रमांकाशेजारी क्यूआर कोड असला तर गिऱ्हाईक मोबाइलवर तिथल्या तिथे खरंखोटं पाहू शकेल.

घाई करायला एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, संपला, आणि आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. तेव्हापासून चांगली मशीनं "आता हे जुनं झालं" म्हणून घराबाहेर पडत आहेत. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून दिली तर एखाद्या विद्यार्थ्याला ती आणखी चार वर्षं सहज चालतात, पण बॅटरी मिळाली तरच. ई-कचरा नियमांचा भर मुख्यतः वस्तू भंगारात पोचल्यावर तिचं काय करायचं यावर आहे. ती भंगारात जाऊ नये याची सोय आपल्या विभागाला करता येईल.

शेवटची विनंती. या विषयावर नियमांचा मसुदा निघेल तेव्हा तो मराठीतही प्रसिद्ध करा, हरकती नोंदवायला पुरेसे दिवस द्या, आणि चर्चेला कंपन्यांच्या प्रतिनिधींबरोबर तालुक्याच्या गावात टेबल मांडून बसलेल्या कारागिरांनाही बोलवा. कोणत्या मॉडेलचा कोणता भाग सगळ्यात आधी जातो आणि कोणता कुठेच मिळत नाही, हे आमच्या वह्यांत लिहिलेलं आहे. मागाल तेव्हा माझी वही पाठवून देईन.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्ती कारागीर, सातारा